ड्रम अँड बेसचे प्रकार : ‘घराणे’ की ‘बाज’?

तापीकाठ (जळगाव) : ड्रम अँड बेस या ब्रिटिश नृत्यसंगीतावरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. लिक्विड, न्यूरोफंक, जंप-अप, जंगल अशी त्याची रूपे आहेत आणि कसलेला डीजे तासाभराच्या सेटमध्ये ती एकामागून एक वाजवून दाखवतो. मी त्यांना ‘उपशैली’ म्हटले होते. संपादकांनी ते खोडून सर्वत्र ‘घराणे’ केले. घराणे म्हटले की गुरू आला, शिष्यत्वाचा गंडा आला, आणि तिथला माणूस तासात चार वेळा घराणे बदलत नाही. आपणांस हा शब्द पटतो का?

लळिंग (धुळे) : ताई, घराणे नकोच, ‘बाज’, म्हणजे वाजवण्याची ढब, घ्यावा. तबल्यात दिल्ली बाज आणि पूरब बाज असतात, आणि एकच तबलजी दोन्ही वाजवू शकतो. संस्कृत ‘वाद्य’, प्राकृत ‘वज्ज’, त्यावरून आपले ‘वाजणे’ आणि हिंदीतले ‘बजना’. बाज मला त्याच कुळातला वाटतो.

गिरणाकाठ (चाळीसगाव) : व्युत्पत्ती सुरेख आहे, परंतु उन्हाळ्यात आम्ही रात्री अंगणात टाकतो तीही बाजच. ‘न्यूरोफंक बाज’ वाचताच मला आजोबांची, मधोमध झोळ पडलेली बाज दिसते.

लळिंग : नाना, ती बाज स्त्रीलिंगी, हा बाज पुल्लिंगी. ‘लेखनाचा ग्रामीण बाज’ वाचताना आपणांस खाट आठवते काय?

सातपुडा (शहादा) : मी लग्नाच्या बँडमध्ये सात हंगाम ताशा वाजवला आहे, म्हणून बोलतो. वरातीत माझ्या काड्या दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, चालत आणि शेजारचा ढोल ठाय, म्हणजे संथ लयीतच राही. पोरे ताशावर उडत, मामेमंडळी ढोलावर डुलत. ड्रम अँड बेसमध्येही मिनिटाला सुमारे १७४ ठोके पडतात, पण बेसची, म्हणजे खालच्या खर्जातल्या सुरांची, चाल पुष्कळदा निम्म्या लयीची वाटते. द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या १९६९ च्या ध्वनिमुद्रणातला जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा कापून, उलटसुलट जोडून जंगलवाल्यांनी असंख्य गाणी उभी केली. लिक्विडमध्ये सुरावट आणि गळा पुढे असतो, न्यूरोफंकमध्ये बेस काळवंडतो, पिळवटतो, आणि जंप-अपमध्ये तोच बेस बेडकासारखा उड्या मारतो. ठोक्यांचा वेग जवळपास तोच राहून बेसचा पोत बदलत असेल, तर ‘पोत’च का म्हणू नये?

गिरणाकाठ : पोत कापडाला असतो. त्यापेक्षा नावांचेच मराठीकरण करावे. लिक्विडला ‘तरल’ म्हटल्याने काय बिघडते?

सातपुडा : ठुमरीचे कोणी इंग्रजी करत नाही, मग लिक्विडचे मराठी कशाला? आणि जंप-अपला आपण ‘उडी-संगीत’ म्हणणार काय? डीजेच्या गाडीसमोर उभे राहून एकदा म्हणून पाहावे.

लळिंग : जंगलचे भाषांतर तर होऊच शकत नाही, कारण तो शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेला. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. गर्द झाडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

तापीकाठ : हे सगळे रोचक आहे, पण ‘बाज’ की ‘पोत’, हे मला संपादकांना उद्या सकाळी कळवायचे आहे.

गिरणाकाठ : कोरडा आणि विरळ झाडीचा असेल, तर आमच्या पारोळ्याकडचा भागच खरा जांगल म्हणायचा. लळिंगकर, हा जुना अर्थ कोणत्या ग्रंथात आहे?