तीनचाकी मोटारसायकल: वळताना थ्रॉटल सुटतो, सर्व्हिसवाले कोड पुसून गाडी परत देतात

पुढचीदोन
पुढे दोन चाकं, मागे एक, वळताना न झुकणारी गाडी. थ्रॉटलला केबल नाही. मुठीत सेन्सर आणि तिथून वायर. इंजिन तापल्यावर सावकाश वळण घेताना मूठ पिळूनही ओढ मिळत नाही, इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कापून कसंबसं चालण्याच्या स्थितीत) जाते. किल्ली बंद करून पुन्हा लावली की सगळं सुरळीत. सर्व्हिस सेंटर दर वेळी गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून ‘दोष आढळला नाही’ म्हणतं. वॉरंटी संपत आली आहे. दोष नेमका कुठे ते कसं शोधायचं? आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग) घरीच साफ केली तर चालेल का?

वायरिंगवाला
सगळ्यात आधी, कोड नोंदवल्याशिवाय कुणालाही पुसू देऊ नका. तुमचा खरा पुरावा तोच आहे.

मुठीत दोन सेन्सर असतात, थ्रॉटल बॉडीतल्या झडपेवर आणखी दोन. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, प्रत्येक जोडीतले दोन आकडे सतत ताडून बघतो. ते जुळेनासे झाले की कोणता खरा हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो ताकद कापतो. मुठीकडची जोडी जुळत नसेल तर बहुतेक गाड्यांत पी२१३८ येतो, थ्रॉटल बॉडीकडची असेल तर पी२१३५. दोष गाडीच्या कोणत्या अर्ध्या भागात आहे ते यावरूनच कळतं. कोड न बघता सरळ थ्रॉटल बॉडी बदलली आणि बिघाड मुठीकडचा निघाला, तर पार्टही गेला आणि वेळही.

‘सावकाश वळताना’ हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. सावकाश वळणात हँडल सर्वात जास्त फिरतं आणि मुठीकडून येणारा वायरिंगचा जुडगा हेडस्टॉकपाशी (हँडल जिथे चौकटीत फिरतं तिथे) ताणला जातो. आत एखादी तार अर्धवट तुटली असेल, तर सरळ रस्त्यावर ती नीट चालते आणि वळणात दगा देते. तपासणी अशी करा: इंजिन बंद, किल्ली चालू, स्कॅनरवर (कोड आणि सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) मुठीच्या दोन्ही सेन्सरचे व्होल्ट लाइव्ह. मुठीला हात न लावता हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आकडे जागचे हलता कामा नयेत. मग हँडल सरळ ठेवून मूठ अगदी हळू पूर्ण पिळा आणि सोडा; आकडे सलग चढायला-उतरायला हवेत, मध्ये उडी नको. दोष गरम असतानाच येत असेल तर हे सगळं गाडी चालवून आल्याबरोबर करा. थंड गाडीवर काही सापडणार नाही, आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा बहुधा तिथूनच येतो.

त्याआधी बॅटरी बघाच. उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. स्टार्टर फिरताना १० च्या बरंच खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनल, अर्थिंग सैल आहे. कमी व्होल्टेजमुळे खोटे कोड येतात.

गॅरेजमित्र
थ्रॉटल बॉडी घरी साफ करू नका, निदान वॉरंटी असेपर्यंत. काजळीचं लक्षण वेगळं असतं: आयडलिंग वरखाली होतं, मूठ सोडताच इंजिन बंद पडतं. तुमचं तसं दिसत नाही. शिवाय ही झडप मोटरवर चालते. किल्ली चालू असताना बोटाने ढकलली तर आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटू शकतात. साफ केल्यावर झडपेची बंद स्थिती ईसीयूला पुन्हा शिकवावी लागते, त्याची रीत मॉडेलप्रमाणे बदलते.

आणखी एक. कॅन-ॲम स्पायडरसारख्या न झुकणाऱ्या गाड्यांत स्टॅबिलिटी यंत्रणा (गाडीचा तोल सांभाळणारी) वळणात स्वतःहून ताकद कापते. तेव्हा तिचा स्वतःचा दिवा चमकतो, किल्ली फिरवावी लागत नाही आणि गाडी क्षणात पूर्ववत होते. मागे वेगळ्या मापाचा टायर, पुढच्या टायरमध्ये हवेचा फरक, किंवा अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर न आणणं, यांपैकी काही असेल तर ती उगाच मध्ये पडते. कोणता दिवा लागतो ते नीट बघून ठेवा.

जॉबकार्ड
वॉरंटीचं बोलतो. तारीख संपण्याआधी तक्रार जॉबकार्डवर चढलेली असणं ही मुख्य गोष्ट. नंतर पार्ट यायला उशीर झाला तरी तुमची बाजू भक्कम राहते. ‘पिकअप नाही’ असं मोघम लिहू देऊ नका. लिहा: ‘इंजिन गरम, वेग अमुक, हँडल डावीकडे, मूठ पिळूनही प्रतिसाद नाही, इंजिनचा दिवा लागला.’ सोबत मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ. कोड आणि फ्रीझ फ्रेम छापून मागा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, तापमान, वेग किती होता ते फ्रीझ फ्रेममध्ये असतं. काही सापडलं नाही म्हणाले तर तेही जॉबकार्डवर लिहून घ्या. अशी कार्डं साठली की ‘वारंवार येणारा दोष’ म्हणून थेट कंपनीकडे जाता येतं.

चासी नंबरवरून या गाडीला रिकॉल किंवा ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का, तेही विचारा. पार्ट बदलला तर नव्याचा नंबर बिलावर हवा.

पुढचीदोन
हँडलला बाहेरून गरम मुठी बसवल्या आहेत. त्यावरून वॉरंटी नाकारतील का?

वायरिंगवाला
त्यांची वायर थ्रॉटलच्या जुडग्यात जोडली असेल तर नाकारायला त्यांना कारण मिळतं. फ्यूज लावून वेगळी बॅटरीवरून घेतली असेल तर अडचण कमी. पण मूठ जाड झाल्याने ती स्विचच्या घराला किंवा बार-एंडला (हँडलच्या टोकाच्या तुकड्याला) घासते का बघा. पिळून सोडल्यावर ती हँडलच्या कुठल्याही स्थितीत झटकन मागे यायला हवी. रेंगाळत असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. आणि चालत्या गाडीत थ्रॉटल अडकलाच तर किल स्विच दाबा, ब्रेक एकदाच घट्ट धरा. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लच लिव्हर नसतो हे लक्षात असू द्या. इंजिन बंद झाल्यावर पॉवर स्टिअरिंगचं हँडल जड होऊ शकतं, म्हणून दोन्ही हातांनी धरा.

जॉबकार्ड
गाडी देण्याआधी त्या मुठी काढून मूळच्या बसवा आणि तशीच चालवून बघा. तरीही दोष आला तर तो वाद तिथेच मिटतो.