बेलापूरजवळच्या दिवाळे गावात खाडीफेरी आणि जेवण: मंदीत दर पाडावा का?

बेलापूरकर: फ्लेमिंगोंचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. यंदा शनिवार-रविवारीही बोट अर्धी रिकामी. फेरी आणि ताट मिळून 400 घेतो, 300 करू का?

खाडीकाठ: आधी हिशेब मांडा. डिझेल, खलाशी मिळून फेरीला 2000 धरू. दोघं बसले काय नि वीस बसले काय, तेवढेच. ताटाचा शिधा 150. म्हणजे 400 मध्ये माणशी 250 सुटतात, 8 जणांत फेरीचा खर्च निघतो. 300 केले की 14 जण लागतील. ते आणणार कुठून? त्यापेक्षा ताटात सुरमईऐवजी मांदेली द्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि 8 नावं आल्याशिवाय बोट सोडू नका.

सारसोळे: मला वेळेचीच शंका येतेय. भरतीत चिखल बुडतो, पक्षी पांगतात. पूर्ण ओहोटीत बोट रुतते. पाणी उतरायला लागलं की निघायचं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. ‘दर रविवारी 9 वाजता’ असं छापलंत तर लोक नुसतं पाणी बघून परततात आणि एकच स्टार देतात.

महापे: मधल्या वारी शाळा आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांना विचारा, पण लाइफ जॅकेट आणि मेरीटाइम बोर्डाचे बोटीच्या परवान्याचे कागद तयार ठेवा, ते पहिल्यांदा तेच मागतात. जून-जुलैत फेरी नाहीच. तेव्हा सुकट, जवळा विका. मात्र ते नीट न वाळता ओलसर राहिलं तर पावसाळी हवेत आठवड्यात बुरशी धरते.