वर्गात दमा असलेला मुलगा, काय सांभाळू?

प्रश्न: चौथीचा वर्ग, सोलापूर पूर्व भाग. शेजारीच यंत्रमाग, खिडकी उघडली की बाकांवर सुताची धूळ. काल फळा पुसताना एका पोराची छाती सूं-सूं वाजायला लागली. त्याचा पंप (इनहेलर) कुठे? ऑफिसच्या कपाटात, कुलूपबंद!

उत्तर १: बाई, पंप पोराजवळच हवा. धाप लागली की आडवं करू नका, ताठ बसवा. साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं पंपातलं औषध) स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ नळीतून, एका वेळी एकच फवारा, मग चार-पाच श्वास. बोलताना वाक्य तुटतंय? थेट १०८.

उत्तर २: माझी लेक पीटीच्या १५ मिनिटं आधी डॉक्टरांनी सांगितलेला फवारा घेते, मग लंगडी खेळते. त्याला कोपऱ्यात बसवू नका हो.

प्रश्नकर्ती: पंप आता दप्तरात. आज ओल्या फडक्यानं फळा पुसला. धूळ गेली, पण तासभर खडू उमटेना!