गप्प बसायचं, पण कुठे?

रस्त्यात गाडी अडवली तर "पोलिसाला काहीच सांगायची सक्ती नाही, सरळ गप्प बसा" असा सल्ला दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. आपल्या संविधानाचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावत नाही, हे खरं. पण लायसन्स दाखवणं म्हणजे साक्ष नव्हे! मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की ते दाखवावंच लागतं. डिजिलॉकरमधलं चालतं, फोटो गॅलरीतला स्क्रीनशॉट नाही. गुन्हा केलेल्या चालकाने नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर याच कायद्याच्या कलम २०२ खाली वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. आणि कायद्याने मागितलेली माहिती लपवली किंवा खोटी दिली तर कलम १७९ आहेच. २०१९ च्या दुरुस्तीत तिथला दंड ५०० चा २००० झाला.

"कुठून आलात, कुठे चाललात?" हे मात्र कायद्याने मागितलेल्या माहितीत बसत नाही. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला नाकाबंदीत मला हेच विचारलं. "घरी चाललोय साहेब" म्हटलं, लायसन्स पुढे केलं, दोन मिनिटांत सुटलो. शेजारचा बाइकवाला कलमं ऐकवत होता, तो अजून तिथेच असेल बहुतेक.

गाडी तुमची पण चालवत दुसरा होता? मग कलम १३३ वाचा, त्याचं नाव मालक म्हणून तुम्हाला पोलिसांना सांगावं लागतं.