सॅपोनिन वापरलं तरी सिग्नल गायब?

रात्रपाळीवाली: पेशींच्या आतलं सायटोकाइन (पेशींचं निरोप नेणारं प्रथिन) रंगवतेय. पेशी फिक्स करून (रसायनाने आहे तशा स्थिर करून) ०.१ टक्का सॅपोनिनमध्ये, म्हणजे झाडांतल्या फेसाळ द्रव्यात, १५ मिनिटं, मग साध्या पीबीएसमध्ये (मिठाचं बफर द्रावण) सायटोकाइनला चिकटणारी, चमकणारी अँटिबॉडी. फ्लोवर (पेशींची चमक मोजणारं यंत्र) शून्य, तिसऱ्यांदा! गाईड म्हणतात अँटिबॉडी मेली. आजी चांदी रिठ्याने उजळायची, तोच फेस घालून बघू का?

बफरबाबा: अँटिबॉडी बिचारी निर्दोष आहे. सॅपोनिन पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून भोकं पाडतं. ते धुऊन काढलंस की भोकं परत मिटतात, अँटिबॉडी दारातच अडते. म्हणून अँटिबॉडीच्या बफरमध्येही ०.१ टक्का ठेव, त्यानंतरच्या धुण्यातही. अगदी शेवटचं धुणं तेवढं साधं. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतली ऊर्जाघरं) पटलात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून तिथे हे फारसं चालत नाही.

सालपट: रिठा नको गं. त्यात अनेक सॅपोनिनं, प्रत्येक खेपेला प्रमाण वेगळं. चांदीला चालतं, प्रयोगाला नाही. बाकी झाडाच्या फेसाला हसू नका: पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर२१ मलेरिया लशीतलं मॅट्रिक्स-एम (लशीचा परिणाम वाढवणारं द्रव्य) क्विलाजा या चिलीतल्या झाडाच्या सॅपोनिनांचंच आहे.

रात्रपाळीवाली: बफर बदलला. दिसलं!! गाईडना उद्या सांगते, आज झोप.