इंदिराराजेंच्या चरित्रनोंदीत काय ठेवायचं, काय वगळायचं?

तळटीप
बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची (तिसरे) कन्या इंदिराराजे, पुढे कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी (१८९२–१९६८), यांच्यावर विकिपीडियासाठी नोंद लिहायची आहे. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळतं त्यात तीन गोष्टी हमखास असतात: मोडलेलं लग्न, शिफॉनच्या साड्या आणि हिरे-मोती जडवलेली पादत्राणं. १९२२ मध्ये पती जितेंद्रनारायण वारले तेव्हा मुलगा जगद्दीपेंद्र जेमतेम सात वर्षांचा होता. तिथपासून १९३६ पर्यंत कारभार बाईंनी पाहिला, हे मात्र एका ओळीत उरकतं. माझा प्रस्ताव: पादत्राणं काढा, साड्यांना एक वाक्य द्या आणि निम्मी नोंद राज्यप्रतिनिधी म्हणून गेलेल्या चौदा वर्षांना द्या.

रेशीमधागा
साफ असहमत. पुरुष राजाने क्रिकेटचा संघ बाळगला तर त्याला स्वतंत्र परिच्छेद मिळतो, आणि बाईने वस्त्राची चाल बदलली की ते 'किरकोळ' ठरतं? पांढरं शिफॉन साडीच्या लांबी-पन्ह्यात परदेशातून आणवून नेसायचं, आणि ते इतर संस्थानी घराण्यांत रुळायचं, हा पेहरावाच्या इतिहासाचा भाग आहे. त्या साड्या बहुतेक वैधव्यातल्या आहेत हेही विसरू नका. विधवेच्या पांढऱ्या वस्त्राचा अर्थच तिथे बदलला. याला एक वाक्य पुरणार नाही.

तळटीप
मुद्दा पटतो, पण आधार काय? 'शिफॉनची साडी नेसणाऱ्या पहिल्या' हे विधान मुलगी गायत्रीदेवींच्या आत्मचरित्रातून (१९७६) फिरत आलं आहे. मुलीने आईबद्दल लिहिलेलं घरातल्या गोष्टींना चालतं: जेवणावळी, स्वभाव, मुलांची टोपणनावं. 'देशात पहिल्या' अशा दाव्याला ते पुरत नाही. पुढे होतं असं की एक संकेतस्थळ ते वाक्य नावाशिवाय उचलतं, दुसरं पहिल्यावरून घेतं, आणि कोणीतरी त्या दोन्हींचे दुवे देऊन 'दोन स्वतंत्र संदर्भ' म्हणतो. उगम एकच.

रेशीमधागा
मग विधान तिच्या तोंडी ठेवा: 'गायत्रीदेवींच्या मते शिफॉनच्या साड्यांची सुरुवात इंदिरादेवींनी केली.' दावा कोणाचा ते कळतं आणि माहितीही राहते. काढून टाकणं हा उपाय नाही. पादत्राणांचंही तेच. फ्लॉरेन्सचे पादत्राणं बनवणारे साल्वातोरे फेरागामो यांनी इंदिरादेवींनी तशी पादत्राणं बनवून घेतल्याचं स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. म्हणजे आधार घरच्यांपलीकडचा आहे.

मोडीवाचक
फेरागामो हे विकणारे होते. महाराणी आपली गिऱ्हाईक होती हे सांगण्यात त्यांचा फायदा होता, म्हणून तो आधार स्वतंत्र धरता येत नाही. एका उपवाक्यात ठेवा, हिऱ्यांची वर्णनं नकोत.

आता लग्नाचं. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न इंदिराराजेंनी स्वतः त्यांना पत्र लिहून मोडलं. आईवडिलांना ते कळलं शिंद्यांची विचारणा करणारी तार आली तेव्हा. हे ठेवायलाच हवं, कारण बडोदे आणि ग्वाल्हेर या दोन मोठ्या मराठा संस्थानांचा संबंध त्यात होता. १९११ च्या दिल्ली दरबारात जितेंद्रनारायणांची भेट, १९१३ मध्ये लंडनला लग्न, आईवडील गैरहजर, आणि त्याच वर्षी थोरले भाऊ राजेंद्रनारायण वारल्यामुळे जितेंद्रनारायण गादीवर: चार वाक्यांत बसतं. तारेतले संवाद आणि 'पहिल्या नजरेतलं प्रेम' गाळा.

त्याच दरबारात सयाजीरावांनी पंचम जॉर्जपुढे रीतीप्रमाणे मुजरा केला नाही म्हणून गदारोळ झाला. तो वडिलांच्या नोंदीत. इथे फक्त दुवा.

रेशीमधागा
आईचा संदर्भ तरी घ्या. दुसऱ्या चिमणाबाईंचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं पुस्तक १९११ चं, आणि १९२७ च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. ज्या वर्षी आई स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक काढते त्याच सुमारास मुलगी ठरलेलं लग्न मोडते, आणि आईच विरोधात उभी राहते. हा पेच वाचकाला दिसायला हवा.

तळटीप
पेच मलाही दिसतो, म्हणूनच जपायला हवं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून 'म्हणून' किंवा 'तरीही' लिहिलं की तिसरी गोष्ट आपण तयार केली. कोणा अभ्यासकाने हा संबंध छापील मांडला असेल तर त्याच्या नावाने द्या. तोवर चिमणाबाईंचं पुस्तक त्यांच्या नोंदीत राहू द्या.

मोडीवाचक
याच्याशी सहमत. पण तळटीप, 'निम्मी नोंद कारभाराला' हे मला मान्य नाही. ती चौदा वर्षं कशावरून लिहिणार? कूचबिहार संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल हे संस्थानानेच काढलेले आहेत. जमाखर्च, शाळा, रस्ते यांचे आकडे त्यातून घ्या, पण 'कारभार कार्यक्षम होता' हे त्यावरून ठरवता येत नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गोपनीय टिपणांत उधळपट्टी आणि परदेशवाऱ्यांच्या तक्रारी असतात, पण तीही एक बाजूच. दोन्हींच्या मधोमध उभा राहून लिहिलेला इतिहासग्रंथ जितका मजकूर देईल तितकाच हा विभाग वाढवा. आधार कमी असताना विभाग फुगवला तर शिफॉनच्या बाबतीत झालं तेच इथे होईल.

आणि माहितीचौकट, म्हणजे नोंदीच्या कडेचा थोडक्यात माहितीचा तक्ता. तिथे 'शासनकाळ १९२२–१९३६' असं भरतात, ते चूक. राजा जगद्दीपेंद्रच होता, वयाने लहान एवढंच. बाईंचा शासनकाळ टाकला की खालच्या पट्टीत 'मागील' म्हणून जितेंद्रनारायण आणि 'पुढील' म्हणून जगद्दीपेंद्र आपोआप लागतात, आणि कूचबिहारच्या राजांच्या यादीत एक राज्यकर्ता जास्त होतो. 'पद: राज्यप्रतिनिधी' लिहून काळ द्या, 'राजा' या रकान्यात मुलाचं नाव द्या.

तळटीप
चौकटीचं मान्य. विभागाच्या लांबीबद्दल माघार घेतो: दोन परिच्छेदांवर थांबू आणि ग्रंथ मिळत जातील तसं वाढवू.

शीर्षकाचं काय? नुसतं 'इंदिरादेवी' ठेवलं तर ठाकूर घराण्यातल्या इंदिरादेवी चौधुराणींशी गल्लत होईल. 'महाराणी' हा किताब शीर्षकात नको. मी 'इंदिरादेवी (कूचबिहार)' सुचवतो, 'इंदिराराजे गायकवाड' वरून पुनर्निर्देशन (त्या नावाने शोधणारा याच नोंदीवर यावा म्हणून), आणि 'कुचबिहार' या ऱ्हस्व लेखनावरूनही.

रेशीमधागा
शीर्षक चालेल, पण पहिल्या वाक्यात माहेरचं नाव ठळक हवं. मराठी वाचक त्यांना बडोद्याची म्हणूनच शोधणार.

मुलांची नावं पाचही द्या: इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री, मेनका. नातवंडांपैकी ज्यांची स्वतंत्र नोंद आहे तेवढीच. हयात माणसांचे पत्ते, जन्मतारखा, मालमत्तेचे वाद आजीच्या नोंदीत येता कामा नयेत. त्यांच्या नावामागे 'महाराज' लावणंही टाळा. १९७१ च्या घटनादुरुस्तीने ती मान्यता संपली.

जितेंद्रनारायणांचं मद्यपान तरी ठेवायचं का?

मोडीवाचक
त्यांच्या नोंदीत, आधारासह. इथे 'डिसेंबर १९२२ मध्ये निधन' पुरे. बाईंच्या आयुष्यात त्यामुळे जे बदललं ते म्हणजे कारभार अंगावर आला, आणि ते पुढच्याच ओळीत आहे.

छायाचित्र निवडताना एक सांभाळा. गायत्रीदेवींचे फोटो आईच्या नावाने सर्रास फिरतात. 'व्होग' मासिकाने सौंदर्याबद्दल गौरवल्याचं जे सांगितलं जातं तेही मुलीबद्दलचं, आईच्या नोंदीत ते येऊ देऊ नका. फोटोवर साल आणि छायाचित्रकार लिहिलेला असेल तरच घ्या, नाहीतर चौकट फोटोशिवाय ठेवा.