'मेरारिक'साठी मराठी शब्द?

इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या सासाक लोकांवर एक लेख मराठीत आणतोय. त्यांच्यात 'मेरारिक' पद्धतीने लग्न होतं: मुलगा मुलीला रात्री घरातून नेतो, मग दोन्हीकडची मंडळी बसून निकाह ठरवतात. मी 'कन्याहरण' लिहिलंय. चालेल का?

– नको. कन्याहरण म्हटलं की रथ, पाठलाग, लढाई. इथे मुलगी आधीच राजी असते. तिला बहुधा मुलाच्या नातेवाइकाकडे ठेवतात आणि गावच्या प्रमुखामार्फत तिच्या घरी रीतसर निरोप जातो. त्या निरोपाला 'सेलाबार' म्हणतात.

– राजी तर रुक्मिणीही होती की! तिनेच पत्र धाडलं होतं. मग 'पळवून नेणे' लिहू?

– तो तर थेट ठाण्यातला शब्द, 'फूस लावून पळवून नेले'वाला. 'पळून जाऊन लग्न'ही अपुरंच, कारण आपल्याकडे त्यात आईबाप वजा असतात. मेरारिकमध्ये निकाहासाठी बापाचीच मनधरणी करावी लागते. 'मेरारिक'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत खुलासा द्या.

– लेखात खटलेही आहेत ना? पैशावरून बोलणी फिसकटली की मुलीकडचे पोलिसांत जातात, आणि तिथे शब्द बदलतो. इंडोनेशियाच्या जुन्या दंडसंहितेच्या कलम 332 मध्ये दोन प्रकार होते. अल्पवयीन मुलीला तिच्या संमतीने पण पालकांच्या मर्जीविरुद्ध नेलं तर 7 वर्षांपर्यंत कैद. फसवून किंवा जबरीने नेलं तर 9. तक्रार आल्याशिवाय खटला नाही, आणि दोघांचं लग्न झालं असेल तर ते रद्द ठरेपर्यंत शिक्षा नाही. ही शेवटची मेख फार मोठी: निकाह उरकला की तक्रारीतली हवाच जायची. आपल्याकडच्या, 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या मराठी पाठात पालकांच्या ताब्यातून नेण्याला 'अपनयन' आणि जबरीने किंवा फसवून नेण्याला 'अपहरण' म्हटलंय. ही जोडी इथे बरीचशी बसते. पेपरवाले सगळ्यालाच अपहरण म्हणतात, ते सोडा.

– 2022 चा लैंगिक हिंसाविरोधी कायदाही बघा. रिवाजाच्या नावाखाली लावलेलं सक्तीचं लग्न आणि बालविवाह, दोन्हींना त्यात 9 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलीच्या लग्नाचं वय 2019 मध्ये 16 वरून 19 झालं. तिथे 'मेरारिक' लिहून गुन्हा सौम्य करू नका, सरळ 'सक्तीचा विवाह' म्हणा.

– पटलं. आणि मुलीकडचे मागतात ती रक्कम, 'पिसुके'? देज म्हणू?

– पिसुकेला देज खपेल, त्यात घासाघीस असते. 'आजी क्रामा'ला मात्र नको. ते घराण्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेलं मानाचं देणं, 'सोरोंग सेराह'च्या विधीत सगळ्यांसमोर द्यायचं.